एकादशीपासून मागे मोजा

“यंदा वारी करावी म्हणतोय. पण लाखांच्या गर्दीत आपला निभाव लागेल का? आणि निघायचं तरी कधी, कुठून, कोणाबरोबर?”

वारीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. विचारणारे कधी नुकतेच निवृत्त झालेले काका असतात, कधी पुण्यामुंबईत नोकरी करणारी तिशीतली मुलगी, तर कधी परदेशातून चार आठवड्यांच्या सुट्टीवर आलेलं जोडपं. त्यांना सहसा दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, “कसली तयारी करता? निघा तुम्ही, माउली नेतात.” दुसरा म्हणतो, “आषाढीला पंढरपुरात पाय ठेवायला जागा नसते, तिकडे फिरकूही नका.”

पहिलं उत्तर प्रेमाचं आहे. पण ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्यांची वारी आहे, त्यांनाच ते लागू पडतं. त्यांची दिंडी ठरलेली असते, ट्रक ठरलेला असतो, पंढरपुरात उतरायचा मठ आजोबांपासूनचा असतो. त्यांचं नियोजन कुणीतरी आधीच करून ठेवलंय. नवख्या माणसाला ते पहिल्यापासून करावं लागतं, आणि तसं करण्यात भक्तीला कुठेही उणेपणा येत नाही. दुसरं उत्तर तर मला मान्यच नाही. गर्दी कुठे, कधी आणि का होते हे कळलं की तिच्यातून वाट काढता येते. या प्रकरणात तेच पाहू. उदाहरणासाठी आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची, म्हणजे माउलींची, पालखी घेतली आहे. देहूच्या तुकाराम महाराजांच्या पालखीची वाट वेगळी आहे, ती लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते. हिशेबाची रीत मात्र तीच.

१. आषाढी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते?

सुरुवात पंचांगापासून करू, कारण रजेचा अर्ज त्याच्यावर अवलंबून आहे.

आपले सण चांद्र महिन्यांवर चालतात. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे दरवर्षी साधारण ११ दिवसांचा फरक पडतो आणि आषाढी तितकी अलीकडे सरकते. २०२४ मध्ये ती १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. बरोबर ११ दिवस.

हे असंच चालू राहिलं तर काही वर्षांत आषाढी ऐन उन्हाळ्यात येईल. तसं होऊ नये म्हणून पंचांगात साधारण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना धरतात आणि आषाढी एकदम पुढे उडी घेते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे ६ जुलैवरून एकादशी थेट २५ जुलैला जाते, म्हणजे १९ दिवस पुढे.

या सरकण्याचा संबंध नुसत्या रजेशी नाही, पाठीवरच्या पिशवीशीही आहे. २०२३ मध्ये एकादशी २९ जूनला होती, म्हणजे पालखी जूनच्या मध्यावर रस्त्यात होती. त्या वर्षी मान्सून रखडला आणि पुण्यात पोचेपर्यंत जून संपत आला. वारकरी कडक उन्हात चालले. एकादशी जुलैच्या अखेरीस असते तेव्हा पावसाची खात्री जास्त. राहुटीखालची जमीन ओली असते आणि चंद्रभागेलाही पाणी असण्याची शक्यता वाढते. तेव्हा तारीख कळली की आधी ठरवा, यंदा आपली मुख्य झुंज उन्हाशी आहे की चिखलाशी. फलटण ते माळशिरस हा पट्टा पर्जन्यछायेतला आहे. पुण्यात छत्री लागली म्हणून तिथेही लागेल असं समजू नका.

२. अठरा तिथी आणि सतरा दिवस

आता चालायचे दिवस मोजू. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचायचंच, हे ठरलेलं. अष्टमीपासून अमावास्येपर्यंत ८ तिथी, त्यापुढे प्रतिपदेपासून दशमीपर्यंत १०. झाल्या १८.

पण २०२४ मध्ये हा प्रवास २९ जून ते १६ जुलै असा १८ दिवसांचा झाला आणि २०२५ मध्ये १९ जून ते ५ जुलै असा १७ दिवसांचाच. एक दिवस गेला कुठे?

तिथी म्हणजे चोवीस तासांचा दिवस नव्हे. आकाशात चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची चाल सारखी नसते, त्यामुळे कुठली तिथी १९-२० तासांत संपते, तर कुठली २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची मानायची, असा नियम. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला दिवसच मिळत नाही. हा तिथीचा क्षय. उलट एखादी तिथी दोन सूर्योदयांना पुरली तर ती वृद्धी. २०२५ च्या त्या अठरा तिथींमध्ये एक क्षय पडला, म्हणून सतरा दिवस.

मग पालखीनं रोज थोडं जास्त चालून दिवस भरून काढला का? तसं होत नाही. मुक्कामांच्या साखळीत एक लवचिक कडी ठेवलेली आहे, ती म्हणजे लोणंद. २०२४ मध्ये पालखी लोणंदला दोन रात्री होती, २०२५ मध्ये एकच. बाकीचा क्रम जसाच्या तसा. ही सोय पाहिली की परंपरेनं हिशेब किती बारकाईनं केलाय ते दिसतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की मागच्या वर्षीच्या वेळापत्रकात सरसकट ११ दिवस वजा करून यंदाच्या तारखा काढू नका. लोणंदच्या पुढचे मुक्काम एकादशीपासून उलटे मोजा, ते जवळजवळ पक्के येतात. दशमीला पंढरपूर, नवमीला वाखरी, त्याच्या आदल्या रात्री भंडीशेगाव, त्याआधी वेळापूर, माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण, तरडगाव. लोणंदच्या अलीकडचे मुक्काम प्रस्थानापासून सुलटे मोजा. पहिली रात्र आळंदीतच, मग पुण्यात दोन, सासवडला दोन, पुढे जेजुरी आणि वाल्हे. दोन्ही टोकांकडून मोजत आलात की मधे लोणंदला एक रात्र उरते की दोन, ते आपोआप कळतं. शेवटी आळंदीच्या संस्थानानं जाहीर केलेलं वेळापत्रक पाहून खात्री करून घ्या.

३. सहा दिवसांच्या रजेत काय बसतं?

पूर्ण वारी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. सगळ्यांना ती सगळी जमत नाही, आणि थोडी चाललात म्हणून कुणी तुम्हाला कमी लेखणार नाही. प्रश्न असतो कुठला तुकडा घ्यायचा हा.

बहुतेक शहरी लोक पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा दिवस निवडतात. माझा सल्ला उलटा आहे. एकच दिवस असेल तर हाच दिवस सोडा. हा अख्ख्या वाटेवरचा सगळ्यांत लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या पुढचा. त्यातच घाटाची चढण, आणि वारकऱ्यांच्या जोडीला एका दिवसापुरते आलेले हजारो लोक. संध्याकाळी सासवडहून पुण्याला परत यायला वाहन मिळताना हाल होतात. हातात दोन दिवस असतील तर सासवड ते जेजुरी आणि जेजुरी ते वाल्हे चाला. साधारण १६ आणि १२ किलोमीटर. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, सगळा रस्ता पिवळा होतो. वाल्ह्याला पोचल्यावर काही हजार वस्तीचं गाव लाखोंना एका रात्रीपुरतं पोटात कसं घेतं, ते डोळ्यांनी बघायला मिळतं.

आता सहा दिवसांचं उदाहरण. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या माणसानं २०२५ मध्ये काय केलं असतं? एकादशी रविवारी, ६ जुलैला. मागे मोजलं तर सोमवारी, ३० जूनला पालखी नातेपुत्याला. सोमवारी दुपारपर्यंत नातेपुते गाठायचं. मंगळवारी माळशिरस, बुधवारी वेळापूर, गुरुवारी भंडीशेगाव, शुक्रवारी वाखरी, शनिवारी पंढरपूर. रविवारी एकादशी. द्वादशीला सोमवारी परतीचा प्रवास. सोमवार ते शुक्रवार पाच आणि पुढचा सोमवार एक, अशा सहा रजा. चाल सुमारे पाऊणशे किलोमीटर. वाटेत पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी आणि बाजीराव विहीर इथली, अश्व धावतात ती रिंगणं मिळाली असती. सहा दिवसांत याहून समृद्ध तुकडा मला तरी दिसत नाही. शिवाय शेवटचे दोन टप्पे, दहा आणि पाच-सहा किलोमीटरचे, अंतरानं छोटे आहेत. दमलेल्या पायांना नेमकं शेवटी सुख मिळतं.

४. दिंडी म्हणजे तुमचा पत्ता

गर्दीला घाबरणारी माणसं मनात एक मोठा, बिनचेहऱ्याचा लोंढा धरून चालतात. वारी तशी नाही. ती दिंड्यांची बनलेली आहे आणि दिंड्यांना क्रमांक आहेत. माउलींच्या रथापुढे २७ आणि रथामागे शेकडो.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. घोडे, तंबू, नगारा, चोपदार, चालण्याचा क्रम, मुक्कामाच्या ठरलेल्या जागा या सगळ्यांत लष्करी छावणीची घडी दिसते. बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आजही येतात.

एका दिंडीची रचना पाहा. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, नंतर विणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या, पाण्याची घागर घेतलेल्या बाया. विणेकरी हा दिंडीचा केंद्रबिंदू. त्याच्यापासून लांब गेलात की तुम्ही दिंडीबाहेर गेलात. “रथामागे अमुक नंबर” हा वारीतला तुमचा पत्ता. ट्रकवर तोच नंबर लिहिलेला असतो, मुक्कामाची जागाही त्याच नंबराची असते. फोन बंद पडला तरी हा आकडा तुम्हाला घरी पोचवतो, म्हणून तो पाठ करा.

नवख्यानं पहिली वारी दिंडीतूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. दिंडीविना मोकळं चालता येतं, पुष्कळ जण चालतात. पण मग रात्रीची जागा, अंघोळीचं पाणी, जड सामान, आजारपण हे सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर. दिंडीत वर्गणी भरायची, तिला बऱ्याच ठिकाणी भिशी म्हणतात. त्यात दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-न्याहारी, राहुटीत झोपायला जागा आणि ट्रकमध्ये सामान ठेवायची सोय मिळते. दिंडी निवडताना दिंडीचालकांना अगदी मोकळेपणानं विचारा. एका राहुटीत किती जण? पाण्याचा टँकर स्वतःचा आहे का? बायकांच्या अंघोळीसाठी आडोसा असतो का? पंढरपुरात उतरायची जागा भिशीत धरली आहे का, आणि कुठल्या तिथीपर्यंत? कुणी मधूनच सामील झालं किंवा मधूनच परत गेलं तर चालतं का? हा शेवटचा प्रश्न सहा दिवसवाल्यांनी विसरू नये. काही दिंड्यांना ते चालत नाही, आणि त्यांचं कारण रास्त आहे. स्वयंपाकाचा अंदाज रोजच्या ताटांवर असतो.

नियमही समजून घ्या. पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते, कारण ट्रकला पालखीआधी पुढचा मुक्काम गाठायचा असतो. सामान ट्रकवर चढलं की संध्याकाळपर्यंत त्याचं दर्शन नाही. म्हणून औषधं, पाण्याची बाटली, पावसाचा कागद, टॉर्च, आधार कार्डाची प्रत आणि थोडे सुटे पैसे खांद्यावरच्या पिशवीत, बाकी सगळं ट्रकमध्ये. दारू-मांस वर्ज्य. चालताना भजन चालू असतं तेव्हा रांग तोडून फोटोसाठी पुढे धावू नये. कुणीही कुणाला “माउली” म्हणूनच हाक मारतं. पहिल्या दिवशी तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, तिसऱ्या दिवशी दुसरी हाक सुचणार नाही.

मुक्कामाला पोचल्यावर समाज आरतीला आवर्जून जा. पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारली जातात, दिंडीची तक्रार असेल तर ती ऐकली जाते, उद्याची सूचना दिली जाते. ध्वनिवर्धक नव्हते तेव्हापासून ही व्यवस्था चालत आलेली आहे. दिवसभर जिला आपण गर्दी म्हणत होतो तिला कान आहेत, हे तिथे कळतं.

५. दमवतं काय?

सोळा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर चालायला सवयीच्या माणसाला चार तास पुरतात. वारीत त्यालाच सकाळपासून संध्याकाळ लागते. न्याहारीचा विसावा, दुपारचा विसावा, गावोगावचं स्वागत, पुढे रथ थांबला की मागे सगळं थांबणं. म्हणून वारीत चालण्यापेक्षा तापलेल्या रस्त्यावर उभं राहणं जास्त थकवतं. पालखीमार्ग रुंद झाला, चौपदरी झाला. पण बऱ्याच ठिकाणी जुनी वडाची झाडं गेली आणि सावलीही गेली. टोपी किंवा उपरणं डोक्यावर हवंच.

सराव करताना एका रविवारी वीस किलोमीटर चालून खूश होऊ नका. लागोपाठ तीन दिवस बारा-बारा किलोमीटर चाला, तेही डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर आणि ज्या चपला-बुटांत वारी करणार त्यांतच. पाय पहिल्या दिवशी कुरकुरत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी खरं सांगतात. नवे बूट घालून वारीला निघणं हा फोडांचा हमखास मार्ग. पाय ओले राहिले की कातडी मऊ पडते आणि लगेच सोलते. त्यामुळे विसाव्याला मोजे काढून पाय वाळवायचे. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे स्वतः तपासा किंवा सोबत्याला तपासायला सांगा, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. एकादशीच्या उपासाबद्दलही आधी डॉक्टरांशी बोलून ठेवा.

शौचाची सोय हा लोक लाजून विचारत नाहीत असा प्रश्न. आता मुक्कामांवर फिरती शौचालयं असतात, निर्मल वारीसारख्या उपक्रमांमुळे फार मोठा फरक पडलाय. ती वापरा. ज्या गावानं तुम्हाला अंगण दिलं त्याचं शेत घाण करून पुढे जाऊ नका.

६. पंढरपूर : टाकी आणि नळ

वाखरीला राज्यभरातल्या मानाच्या पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची, मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची, पैठणहून एकनाथांची, सासवडहून सोपानदेवांची. त्यांना सामोरे यायला पंढरपुरातून नामदेवराय येतात. आतापर्यंत वेगवेगळ्या रस्त्यांवर पांगलेली माणसं इथून पुढे एकाच पाच-सहा किलोमीटरच्या रस्त्यावर असतात आणि पोचतात लाखभर वस्तीच्या एका जुन्या, अरुंद गल्ल्यांच्या गावात. गर्दीचा खरा प्रश्न इथे सुरू होतो.

नवख्या माणसाच्या मनात एकच चित्र असतं. एकादशीला पोचायचं आणि विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायचं. ते का जमत नाही हे साध्या गुणाकारानं पाहू. समजा, एका माणसाला पायांपाशी फक्त दोन सेकंद मिळाले. मिनिटाला ३० माणसं. तासाला १,८००. गाभारा चोवीस तास उघडा ठेवला तर दिवसाला ४३,२००. आता गावात दहा लाख लोक आहेत असं धरा. सगळ्यांना पदस्पर्श द्यायचा तर २३ दिवस लागतील.

भरलेली टाकी आणि तिचा अर्ध्या इंचाचा नळ, असं हे गणित आहे. टाकीत वरून कितीही ओता, खाली धार तेवढीच पडणार. रांग शेजारच्या गोपाळपूरपर्यंत जाते ती यामुळे. सेकंद कमीजास्त धरा, दिवसांचा आकडा थोडा हलेल, पण एकादशीच्या एका दिवसात तो कधीच बसणार नाही.

परंपरेला हे गणित ठाऊक होतं. आषाढीच्या आधी काही दिवस देवाचा पलंग काढतात. देव झोपत नाही, भक्तांसाठी अहोरात्र उभा राहतो, असा त्याचा भाव. व्यवहारात त्याचा अर्थ दर्शन चोवीस तास चालू राहतं. ते यात्रेनंतरच्या प्रक्षाळपूजेपर्यंत. म्हणजे नळ रात्रंदिवस सोडलेला असतो आणि एकादशीच्या दोन्ही बाजूंचे दिवस तुमच्या हाताशी येतात. त्याशिवाय मुखदर्शनाची वेगळी रांग असते, ती पुष्कळ भरभर सरकते. आणि लाखो वारकरी वर्षानुवर्षं जे करतात तेही आहेच. चंद्रभागेचं स्नान, पुंडलिकाचं दर्शन, नगरप्रदक्षिणा, महाद्वारात नामदेव पायरीला हात लावणं आणि लांबून कळसाचं दर्शन. चाळीस-चाळीस वाऱ्या केलेली माणसं कळसाला हात जोडून तृप्त मनानं माघारी जातात. त्यांची वारी अपुरी राहते असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

माझं मत विचाराल तर एकादशीला पदस्पर्शाचा हट्ट नको. पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर यात्रा ओसरल्यावर वेगळी खेप करा, किंवा एकादशीच्या आठवडाभर आधी सडे जाऊन या आणि मग वाटेत पालखीला मिळा. एकादशीचा दिवस नदीसाठी, प्रदक्षिणेसाठी आणि कीर्तनासाठी ठेवा.

राहण्याचं काय? दिंडीचा मठ किंवा धर्मशाळा असेल तर प्रश्न मिटला. नदीपलीकडे ६५ एकरांच्या मोकळ्या जागेवर दिंड्यांच्या राहुट्या लागतात. स्वतंत्र खोली हवी असेल तर ती काही महिने आधी ठरवावी लागते, आयत्या वेळी पंढरपुरात खोली मिळत नाही. परतीसाठी द्वादशीची सकाळ सगळ्यांत वाईट. बहुतेक लोक पारणं करून त्याच वेळी निघतात, एसटी स्थानकात आणि रेल्वेत मुंगीला वाव नसतो. एक रजा वाढवता आली तर त्रयोदशीला निघा. आणखी दोन दिवस मिळाले तर पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला पाहून निघा. पालख्या तिथूनच परतीला लागतात.

७. गर्दी दाट होते तेव्हा

दाटी मोजायचं एक सोपं माप आहे. जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन कल्पा. त्यात दोन माणसं असतील तर आरामात चालता येतं. चार-पाच झाली की पाऊल कुठे टाकायचं हे तुमच्या हातात राहत नाही. सहा-सात झाली की एकाचा धक्का दहा जणांपर्यंत जातो आणि छातीवर दाब येतो. तो क्षण येण्याआधी बाहेर पडायचं असतं. दोन्ही बाजूंनी अनोळखी खांदे एकाच वेळी लागायला लागले की ती खूण समजा.

त्या वेळी गर्दीच्या उलट दिशेनं रेटू नका. ओघाबरोबर जात जात तिरपं कडेला सरका. हात छातीपुढे घ्या म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल निसटली, फोन पडला तरी वाकू नका. पायऱ्या, उतार आणि निसरडी जागा दिसली तर थांबून ओघ कमी होऊ द्या. २००५ च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत ३०० च्या आसपास माणसं गेली, ती अशाच अरुंद, निसरड्या पायऱ्यांच्या चढावर. नदीला पाणी असेल तेव्हा वाळवंटात जाताना बंदोबस्तावरच्या लोकांचं ऐका. वरच्या धरणातून पाणी सोडलं की भीमा, म्हणजेच चंद्रभागा, पंढरपुरात चढते.

लहान मूल आणि वृद्ध माणूस यांच्या खिशात चिठ्ठी हवी. नाव, दिंडीचा नंबर, उतरायची जागा आणि दोन फोन नंबर. एकादशीला फोन लागेलच असं नाही. म्हणून रोज सकाळी “चुकलो तर कुठे भेटायचं” हे तोंडी ठरवा. मंदिराचं महाद्वार ही भेटायची जागा नव्हे, तिथे सगळेच असतात. आपला मठ किंवा दिंडीची राहुटी हीच जागा ठरवा.

८. आषाढी झेपणार नसेल तर

गुडघे, हृदय, वय किंवा गर्दीची भीती, यांपैकी काही खरंच आड येत असेल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका. वारकरी पंथात वर्षाला चार वाऱ्या आहेत. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. कार्तिकीलाही मोठी गर्दी असते, चैत्री आणि माघीला तुलनेनं कमी. माघीला हवा थंड असते, पाऊस नसतो, पायी येणाऱ्या दिंड्या तेव्हाही असतात. ज्यांना चालणं अजिबात जमत नाही त्यांनी वाटेवरच्या एखाद्या गावात एक दिवस वारकऱ्यांना जेवू घालावं, पाय चेपावेत, चपला शिवून द्याव्यात. दरवर्षी हजारो माणसं हे करतात आणि तेही वारीतलेच.

आणि पुढच्या आषाढीला चालायचं नक्की असेल तर पंचांग आणून आजच एकादशीवर खूण करा, तिथून मागे मोजून आपला तुकडा ठरवा आणि पाडव्याच्या आत दिंडीचालकांना भेटा. भिशी भरताना आपली दुखणीखुपणी त्यांच्यापासून लपवू नका. वाटेत पहिली मदत तेच करणार आहेत.